सध्या काय वाचताय? नाशिकच्या ख्रिस्ती वाचनमित्रांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही ख्रिस्ती मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा नाशिकमध्ये कुणाच्या तरी घरी जमतो आणि सध्या काय वाचतोय ते एकमेकांना सांगतो. नवीन येणारे साधारण तेच ते विचारतात आणि उत्तर देणारा बदलला की उत्तरही बदलतं. म्हणून हे एकदा लिहून काढलं. मतं माझी आहेत, सगळ्यांना ती पटतात असं अजिबात नाही.

हा बायबल अभ्यासवर्ग आहे का?

नाही. तो आपापल्या चर्चमध्ये चालतो, तिथेच चालू दे. इथे छोटीशी प्रार्थना, मग पुस्तकं, मग चहा. शरणपूरकडचे सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे प्रॉटेस्टंट) असतात, नाशिकरोडचे कॅथलिक असतात, घरगुती फेलोशिपमधले, म्हणजे घरीच उपासनेला जमणारे, एक-दोघे असतात. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, हारतुरे नाहीत.

माझं वाचन काहीच नाही. आलो तर चालेल का?

या. ऐकायला माणसं लागतातच. फक्त "मला वेळच मिळत नाही" हे भाषण नको, ते प्रत्येकाकडे तयार असतं.

"सध्या काय वाचतोय" म्हणजे नेमकं काय सांगायचं?

जे खरोखर वाचताय ते. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण चार ख्रिस्ती माणसं समोर बसली की कुणालाही एकदम जुना धर्मपंडित संत ऑगस्टिन आठवतो. उशाशी मात्र रहस्यकथा असते. मग रहस्यकथेबद्दल सांगा. ऑगस्टिन कपाटात आहे आणि त्याच्यावर धूळ आहे, हेही सांगितलंत तरी कुणी रागावणार नाही.

कितव्या पानावर आहात ते सांगा. कुठे अडलात, कुठे पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं ते सांगा. कथानक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत बसू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे पुस्तक तुम्ही कुणाच्या हातात द्याल ते सांगा. "सगळ्यांनी वाचावं असं आहे" ही शिफारस कुणाच्याच कामाची नसते, कारण ती ऐकून कुणीही पुस्तक उचलत नाही. आपल्याकडे आभारप्रदर्शनात जसं "सर्व ज्ञात-अज्ञात हितचिंतकांचे" म्हणतात, तसं ते होतं.

एका काकूंनी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राबद्दल सांगितलं ते असं होतं: "मी हे पुन्हा वाचतेय. टिळकांचा बाप्तिस्मा झाला ही बातमी लक्ष्मीबाईंना कळते, तिथे आले की माझं वाचन थांबतं. दोन दिवस पुस्तक तसंच टीपॉयवर पडून राहतं. हे मी माझ्या धाकट्या जावेला देणार आहे. तिचा मुलगा सांगून-न सांगून घर सोडून गेलाय. मागे राहिलेल्या माणसाचं काय होतं, ते या बाईइतकं कुणी लिहिलेलं नाही. आणि हसवतेही, म्हणून देणार. नुसतं रडवणारं असतं तर दिलं नसतं." एवढंच बोलल्या. त्या दिवशी पुस्तक मागणारे तिघे निघाले आणि जाऊबाईंचा नंबर शेवटी लागला.

मराठीत ख्रिस्ती पुस्तकं आहेत तरी किती? सुरुवात कुठून करू?

हा प्रश्न नाशिकमध्ये बसून विचारला जातो याची मला गंमत वाटते. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 सालचा, गोदाकाठच्या जलालपूरचा. गंगापूर रोडने रोज जाणाऱ्यांना ते गाव परकं नाही. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक तरुणपणी शिकायला नाशिकलाच होते. लक्ष्मीबाई 1936 मध्ये गेल्या त्याही नाशिकला. तेव्हा सुरुवात घरापासून करा. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं आणि मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत ते आजही गणलं जातं. ते "ख्रिस्ती साहित्य" म्हणून वेगळ्या कप्प्यात कधी बसलंच नाही, हे त्याचं मोठेपण. सुरुवातीला वडिलांच्या सोवळ्याओवळ्याचा जो अतिरेक रंगवलाय, तिथेच कळतं की ही बाई कुणालाही न दुखावता कुणाचंही हसं करू शकते, स्वतःचंसुद्धा. शाळेत न गेलेल्या बाईने हे लिहिलं आहे. आपल्याला जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

टिळकांचं वाचायचं तर 'अभंगांजली'पासून सुरुवात करा. त्यातले काही अभंग तुम्ही 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून लहानपणापासून म्हणत आला आहात, पण पेटीशिवाय, नुसते डोळ्यांनी वाचले की वेगळेच वाटतात. 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रावरचं काव्य मोठं आहे. टिळक 1919 मध्ये वारले तेव्हा ते अपुरं होतं, लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. ते सलग वाचणारा मला तरी अजून भेटलेला नाही, पण आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, जन्माचा भाग घरी मोठ्याने वाचून बघा.

पंडिता रमाबाईंबद्दल आपल्याकडे बोललं फार जातं, त्यांना वाचलं कमी जातं. माझी शिफारस 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'ची, 1889 सालचं पुस्तक. अमेरिकेत बाई काय बघते, तर शाळा, बायकांच्या संस्था, कायदे, घरं, थंडी. भाबडेपणाने भारावून जात नाही. ज्यांना रमाबाई म्हणजे फक्त केडगावची 'मुक्ती' (निराधार बायकामुलींसाठीची त्यांची संस्था) आणि पांढरी साडी एवढंच आठवतं, त्यांच्या हातात हे द्यावं. परदेशी शिकायला निघालेल्या मुलीला तर नक्कीच.

बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' 1857 चं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून पाठ्यपुस्तकात नाव येतं. विधवांची स्थिती हा विषय. कादंबरी म्हणून आज ते संथ वाटेल, मध्येच उपदेश सुरू होतो. इतिहासाची आवड असेल तरच घ्या. त्यांचं आत्मचरित्र 'अरुणोदय' मात्र मला जास्त जिवंत वाटतं.

आपल्या काळातले म्हणाल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे, अनेक वर्षं 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. जुलै 2024 मध्ये ते गेले. त्यांचं 'नाही मी एकला' हे आत्मकथन धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना द्यावं असं आहे. पर्यावरणाची चळवळ करणाऱ्यांनाही आवडेल.

'क्रिस्तपुराण' वाचायचंच असं ठरवलंय. झेपेल का?

एकट्याने घेऊ नका. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाचे धर्मगुरू) 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1616 मध्ये त्यांचं हे ख्रिस्तावरचं ओवीबद्ध पुराण तिथल्याच राचोलला छापून झालं, तेही रोमन लिपीत. अकरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत. देवनागरीत ते 1956 साली आलं. भाषा चारशे वर्षांपूर्वीची, त्यात कोकणीची छटा. पण ज्यांच्या कानावर ज्ञानेश्वरी किंवा एकनाथी भागवत पडलेलं आहे, त्यांना लय लगेच सापडते. आमच्यात ज्यांनी ते निम्मं तरी पार केलं, ते सगळे मोठ्याने वाचणारे होते. दोघांनी मिळून, रोज थोडं, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने अडलेला शब्द शोधायचा. मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या सगळ्यांना पाठ असतात. तिथेच थांबलं तर पुराण वाचलं असं म्हणू नये.

बायबल कोणतं वाचावं? प्रत्येक जण वेगळं आणतो.

आणू दे. कॅथलिकांच्या बायबलमध्ये 73 पुस्तकं आणि प्रॉटेस्टंटांच्यात 66, हा हिशोब एकदा माहीत करून घेतला की "तुमच्यात टोबित कुठून आलं?" हा दर वेळचा प्रश्न मिटतो. मिशनरी विल्यम केरींनी श्रीरामपूरहून 1805 मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं, तेव्हापासून भाषांतरं होतच आली आहेत. हे श्रीरामपूर बंगालमधलं बरं का, आपल्या शेजारचं नव्हे. नवीन माणसाची दर वेळी गल्लत होते.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलचं भाषांतर केलं. ते 1924 मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झालं आणि छपाई मुक्तीतल्या बायकामुलींनीच केली. दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' 2010 चं, त्याला साहित्य अकादमीचा भाषांतराचा पुरस्कार मिळाला. पहिल्यांदाच बायबल उघडणाऱ्या मराठी माणसाला मी हेच सुचवतो, कारण त्यात प्रस्तावना आणि टिपा आहेत. पाठांतर मात्र आपल्या जुन्या पवित्र शास्त्रातलंच, म्हणजे जुन्या मराठी बायबलमधलंच राहणार. तेविसावं स्तोत्र दुसऱ्या शब्दांत ऐकलं की आमच्यातल्या ज्येष्ठांना ठेच लागल्यासारखं होतं.

फक्त धार्मिक पुस्तकंच चालतात का?

मुळीच नाही. आपण कुसुमाग्रजांच्या गावात राहतो. कविता, प्रवासवर्णन, शेतीवरचं पुस्तक, दिवाळी अंक, काहीही. द्राक्षबागायतदार सदस्याने मातीवरचं पुस्तक आणलं होतं, त्यावर जेवढी चर्चा रंगली तेवढी फार कमी धर्मग्रंथांवर रंगते.

कादंबरीतून श्रद्धेबद्दल जास्त कळतं असं माझं मत आहे. शुसाकू एन्डो या जपानी कॅथलिक लेखकाची 'सायलेन्स' ही 1966 ची कादंबरी घ्या. सतराव्या शतकातल्या जपानमध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ चालला आहे, पाद्रीने श्रद्धा नाकारली तर दुसऱ्यांचे प्राण वाचणार आहेत. काय करायचं? आमच्याकडे या पुस्तकावर जेवणाची वेळ टळून गेली तरी वाद चालू होता. ज्यांना प्रत्येक गोष्टीचा शेवट चर्चमध्ये सांगतात त्या साक्षीसारखा गोड हवा असतो, त्यांना हे देऊ नका.

वेगवेगळ्या पंथांची माणसं एकत्र. भांडणं होत नाहीत?

होतात. मरियेवरून, संतांवरून, बाप्तिस्म्यावरून, "देव तुम्हाला श्रीमंत करू इच्छितो" छापाच्या पुस्तकांवरून. या शेवटच्या प्रकाराबद्दल माझं मत सांगून टाकतो: कर्जात बुडालेल्या माणसाला असलं पुस्तक देणं हा क्रूरपणा आहे. दुसऱ्यांचं मत वेगळं असू शकतं आणि ते पुस्तक घेऊन त्यांनी जरूर यावं.

चर्चने ज्याबद्दल सावध केलं आहे असं पुस्तक आलं तर लपवाछपवी करायची नाही. फादर अँथनी डिमेलोंचं उदाहरण घ्या. मुंबईत जन्मलेले जेझुइट, लोणावळ्याला त्यांचं काम होतं. ध्यानावरचं 'साधना' 1978 मध्ये आलं आणि जगभर गेलं. ते 1987 मध्ये वारले आणि 1998 मध्ये रोमच्या धर्मसिद्धांत विभागाने त्यांच्या लेखनातली काही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत असं जाहीर केलं. तर 'साधना' सुचवणाऱ्याने दोन्ही सांगावं: मला यातून प्रार्थनेत बसायला जमलं, आणि असा इशाराही दिला गेलेला आहे. ऐकणारा मोठा माणूस आहे, तो ठरवेल. कुणाच्या फादरांनी किंवा पाळकसाहेबांनी "सध्या नको" सांगितलं असेल तर त्याला आग्रह करू नये. आणि पाळकसाहेब स्वतः आले तर त्यांनाही इतरांइतकीच मिनिटं मिळतात. हे त्यांना आधी सांगितलेलं बरं.

मला सुचवलेलं पुस्तक अजिबात आवडलं नाही. कसं सांगू?

सरळ सांगा. "ताई, मला नाही जमलं, चाळीस पानांवर सोडलं." पुस्तक सोडण्यात पाप नाही. बहुत ग्रंथपठनाने देह शिणतो हे बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातच लिहून ठेवलंय.

घरात मृत्यू झालेल्या मित्राला कोणतं पुस्तक द्यावं?

आधी डबा द्या. पुस्तकाचं नंतर बघू.

या प्रश्नाला मी मोठं उत्तर देतो, कारण चुकीचं पुस्तक चुकीच्या वेळी दिल्याने दुखावलेली माणसं पाहिली आहेत. सी. एस. लुइस या इंग्रजी ख्रिस्ती लेखकाची दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघा. 1940 सालचं 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' हे दुःखाबद्दल विचार करणाऱ्याचं पुस्तक आहे: देव चांगला आहे तर वेदना का, याचा पायरीपायरीने केलेला युक्तिवाद. 1960 मध्ये त्यांची पत्नी जॉय कॅन्सरने गेली. पुढच्या वर्षी 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड' आलं, तेही टोपणनावाने. त्यात तोच माणूस देवाच्या दारावर धडका मारतो आणि आतून कडी लावल्याचा आवाज ऐकतो. पहिलं पुस्तक कॉलेजात प्रश्न विचारणाऱ्या मुलाला द्या. दुसरं, ज्याचं माणूस गेलंय त्याला द्या, तेही त्याने मागितलं तर, आणि मासिक स्मरणप्रार्थना वगैरे होऊन घर रिकामं झाल्यावर. लेखक एक, विषय एक, तरी दोन्हींचा वाचक निराळा.

इंग्रजी वाचणारं कुणी नसेल तर बायबलमधलं स्तोत्र 88 दाखवा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. आपल्या शास्त्रात असंही आहे हे कळल्यावर एका शोकग्रस्त काकांनी "मग मी एकटाच असं बोलत नाही तर" असं म्हटलेलं मी ऐकलंय. "देवाची योजना असते" या धर्तीच्या पुस्तिका त्या महिन्यात कुणालाही वाटू नयेत अशी माझी हात जोडून विनंती आहे.

पुस्तकं मिळवायची कुठून?

विकत घ्यायचीच असं नाही. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, 1840 पासून आहे. जुनी मराठी चरित्रं-आत्मचरित्रं तिथे आधी शोधा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम बऱ्याच जणांना माहीत असतो. पुस्तकांची पेटी एका गटाकडे येते, वाचून झाली की बदलून मिळते. सोसायटीतले ख्रिस्ती-हिंदू-मुस्लिम शेजारी मिळून पेटी घेतली तर आपल्या गटाच्या बाहेरचंही वाचलं जातं.

तिसरी जागा म्हणजे चर्चमधलं कुलूपबंद कपाट. बहुतेक जुन्या चर्चमध्ये ते असतं, किल्ली नेमकी कुणाकडे हे शोधण्यात अर्धा रविवार जातो. आत 1842 पासून चालत आलेल्या 'ज्ञानोदय'चे किंवा 'निरोप्या'चे, म्हणजे जुन्या ख्रिस्ती नियतकालिकांचे, बांधीव अंक निघाले तर पाळकांना सांगून आधी वाळवी बघा, मग वाचा. पानं ठिसूळ असतील तर थुंकी लावून उलटू नका. आपल्या आजोबांची ती सवय होती, कागदाला ती मानवत नाही.

दिलेलं पुस्तक परत येत नाही. काय करावं?

बायबलमधल्या प्रेषित पौलालाही हा त्रास होता. त्रोवस शहरात कार्पाकडे राहिलेला झगा आणि पुस्तकं घेऊन ये, असं तो आपल्या शिष्याला, तीमथ्याला, तुरुंगातून लिहितो, आणि चर्मपत्रं तर विसरू नकोच म्हणतो. तेव्हा मागायला लाजू नका.

आमच्याकडे एक साधी दोनशे पानी वही आहे. पुस्तक, देणारा, घेणारा, तारीख. परत आलं की ओळीवर काट. ज्याच्या नावावर दोन ओळी काट न मारलेल्या आहेत, त्याला तिसरं पुस्तक नाही. याला पाळकांचाही अपवाद नाही आणि वही सांभाळणाऱ्या मावशींचाही. शिवाय कव्हर घालून द्या. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत.

एक गोष्ट कधीच उसनी देऊ नका: घरातलं जुनं पवित्र शास्त्र, ज्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांच्या अक्षरात जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या तारखा आहेत. अनेक घरांत तेवढाच कौटुंबिक इतिहास शिल्लक असतो. दाखवायला आणा, त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून भावंडांना पाठवा आणि परत घरी न्या.

पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकली तर?

लेखकावर अवलंबून आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो आणि ती मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून सुरू होते. टिळक 1919 मध्ये गेले, रमाबाई 1922, लक्ष्मीबाई 1936. त्यांचं मूळ लेखन मोकळं आहे, खुशाल पाठवा. पण नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि अनुवाद यांचे हक्क वेगळे असतात, म्हणून परवा विकत घेतलेल्या संपादित प्रतीचं स्कॅन टाकू नका. दिब्रिटोंची पुस्तकं तर अजून कित्येक दशकं संरक्षित आहेत.

"पण हे देवाच्या कामासाठीच आहे ना?" हा युक्तिवाद दर वेळी होतो. मराठी ख्रिस्ती पुस्तकांच्या आवृत्त्या लहान निघतात, प्रकाशक हौसेने तोटा सोसतात. अशा पुस्तकाची चोरटी प्रत फिरवली की पुढचं पुस्तक निघत नाही. चर्चेसाठी एखादा परिच्छेद टाइप करून पाठवायला हरकत नाही.

मुलं इंग्रजी माध्यमात. मराठी वाचतच नाहीत.

रागावून उपयोग नाही. 'स्मृतिचित्रे'चा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2017 मध्ये आला आहे, तो कॉलेजच्या मुलांना द्या. माझ्या पाहण्यात असं आलंय की त्यातले विनोद वाचून मुलं "मूळ मराठीत हे कसं आहे?" असं विचारत येतात. तेव्हा मूळ पुस्तक जवळ ठेवा.

दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी लुइस यांचीच नार्नियाची सात पुस्तकं. हल्लीच्या संचांवर पहिला क्रमांक 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर असतो, पण ते 1955 मध्ये आलं. 1950 मध्ये आधी आलं ते सिंह, चेटकीण आणि कपाटाचं पुस्तक. सुरुवात त्यानेच करा, म्हणजे कपाट उघडण्यातली मजा शाबूत राहते. आणि त्यातला सिंह अस्लान म्हणजे कोण, हे मुलांना सांगून टाकू नका. संडे स्कूलच्या शिक्षकांना हे फार जड जातं!

आजीला आता अक्षर दिसत नाही.

वाचून दाखवा. नातवाने अडखळत वाचलं तरी चालतं, आजी दुरुस्त करते आणि त्याचं मराठी सुधारतं.

नाशिकच्या ख्रिस्ती इतिहासाबद्दल काही वाचायला सुचवा.

शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वसवलेल्या या वस्तीत आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेली जाणारी, वाटेत जहाजांवरून सोडवलेली मुलंही शिकली, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असतं. जेकब वेनराइट त्यातला एक. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1 मे 1873 रोजी आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला, तेव्हा त्याचं हृदय तिथे पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या या तरुणाने. झाडावर लेख कोरला तोही त्यानेच. मग लिव्हिंग्स्टनचे सगळे सोबती मिळून मृतदेह समुद्रकिनाऱ्यापर्यंत घेऊन गेले. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीत शवपेटीला धरणाऱ्यांत तो होता. या प्रवासाची त्याने रोजनिशी ठेवली होती. लिव्हिंग्स्टनची चरित्रं हवी तेवढी मिळतात, ती वाचताना सूचीत "नासिक" शोधा आणि त्या मुलांची नावं येतील ती पानं आधी वाचा. याच मुलांपैकी अनेक जण पुढे मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउन या मुक्त झालेल्या गुलामांच्या वस्तीत गेले. इतिहासाच्या शिक्षकांनो, शाळेच्या सहलीसाठी तुम्ही दर वर्षी लेणीच का निवडता?

ख्रिस्ती नसलेल्या मित्राला आणू का?

आणा, पण आधी त्याला सांगा की सुरुवातीला प्रार्थना होते. इथे कुणी त्याच्यामागे लागणार नाही. तसं कुणी करू लागलं तर यजमानाने विषय बदलायचा. टिळकांच्या धर्मांतराने घरात केवढी उलथापालथ झाली ते ज्या 'स्मृतिचित्रे'त आपण वाचतो, त्या पुस्तकाचे वाचक मुख्यतः ख्रिस्ती नसलेले मराठी लोकच आहेत. शिफारशी तेही करतात आणि अनेकदा आपल्यापेक्षा बऱ्या करतात, कारण पुस्तक "चांगलं ख्रिस्ती" आहे का याची त्यांना फिकीर नसते.

ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी काही?

जास्त पुस्तकं घेऊ नका. मार्काचं शुभवर्तमान, सोळा अध्याय, एका बैठकीत संपूर्ण. दीड तास पुरतो. आयुष्यभर तुकड्यातुकड्यांत ऐकलेलं सलग वाचल्यावर येशू किती घाईत चालतोय ते जाणवतं.

पहिल्यांदा येताना काय आणू?

हातातलं पुस्तक, अर्धं वाचलेलं असलं तरी. आत पेन्सिलने तुमचं नाव आणि मोबाइल नंबर लिहून आणा. देण्याची तयारी नसेल तर तेही आधीच सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही. खाऊ आणायची गरज नाही, यजमान करतात. फक्त डिसेंबरात प्रत्येकाने आपापल्या घरचा फराळ आणायचा असतो, त्यामुळे त्या महिन्यात चर्चा जरा कमी होते आणि पानांवर करंज्यांचे डाग जास्त पडतात. उसनी पुस्तकं डिसेंबरात आणू नका.